जुना आग्रा रोड : शीव ते भिवंडी

भिवंडीहून मूळजी जेठा मार्केटला माल पाठविणाऱ्या आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांची रस्त्याशी ओळख भाड्याच्या पावतीपुरतीच असते. टेम्पो निघाला, टेम्पो पोहोचला, बस्स. परंतु ज्या रस्त्याने आपला माल जातो त्याची हकिकत ठाऊक असली तर गोदाम कुठे घ्यावे, गाडी केव्हा काढावी, भाड्यात किती घासाघीस करावी, हे सारे ठरविता येते. म्हणून या वेळी आग्रा रोडविषयी.

सरकारी नाव लाल बहादूर शास्त्री मार्ग. शास्त्रीजींचे निधन जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे झाले, त्यानंतर हे नाव आले. कागदोपत्री एल.बी.एस. झाले तरी जुने हमाल आणि गाडीवाले यांच्या तोंडी आग्रा रोडच राहिला. शीवला सुरू होऊन कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड असा सुमारे २१ किलोमीटर चालून हा रस्ता ठाण्यात शिरतो. पुढे नौपाडा, खोपट, कॅसल मिल, माजिवडे, बाळकुम, मग कशेळीचा पूल, काल्हेर, पूर्णा, अंजूर फाटा आणि भिवंडी. मुंबईच्या हद्दीत तो सबंध रेल्वेच्या पश्चिमेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचा बराच गोंधळ तिच्यामुळेच झाला आहे.

आरंभ शीवच्या बांधापासून. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये खाडी होती. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या काळात १७९८ मध्ये शीव-कुर्ला बांधाचे काम सुरू झाले व १८०५ मध्ये संपले. रहदारी इतकी वाढली की १८२६ मध्ये, एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, तो रुंद करावा लागला. नाशिक आणि खानदेशाकडून येणाऱ्या मालाला मुंबईचे दार हेच. पुढे स्वातंत्र्यानंतर आग्र्यापासून मुंबईपर्यंतच्या या मार्गाला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हटले गेले. २०१० मध्ये सर्व महामार्गांचे क्रमांक बदलले, पण जुन्या बिल्टीवर 'एन.एच. ३' वाचलेले पुष्कळ लोक आहेत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि तिचे रूळ या रस्त्याला जवळजवळ लागूनच गेले. एका हाताला रेल्वे, दुसऱ्या हाताला ट्रंक रोड आणि जमीन स्वस्त, मग कारखानदार येणारच. कुर्ल्याची धरमसी मिल १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी घेतली व तिची स्वदेशी मिल केली. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यालाच प्रीमियर ऑटोमोबाईल्स आली, जिथे पुढे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी बनल्या. कमानी, भांडुपला एशियन पेंट्स आणि जी.के.डब्ल्यू., मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडास, अशी रांगच लागली. आज यातले बहुतेक भोंगे बंद आहेत. प्रीमियरच्या जागेवर कोहिनूर सिटी आहे, आणि कमानी हे नाव बसथांब्याला व चौकाला उरले आहे. कारखाने गेले तिथे मॉल आणि टॉवर आले, पण रस्ता तेवढाच राहिला, कुर्ल्यात तर फारच अरुंद.

साठच्या दशकात रेल्वेच्या पूर्वेला द्रुतगती महामार्ग झाला आणि लांबची वाहतूक तिकडे गेली. आग्रा रोड दुय्यम ठरला. मात्र दुय्यम ठरलेला रस्ता मोकळा होतो, हा समज चुकीचा आहे. वस्ती, बाजार, शाळा, रिक्षा सर्व पश्चिमेला वाढत गेले आणि रूळ ओलांडायला पूल मोजके, त्यामुळे पश्चिमेचा माल पूर्वेच्या महामार्गावर न्यायचा तरी बराच वेळ याच रस्त्यावर काढावा लागतो.

आता जकातीकडे येऊ. शब्द आपल्याच घरचा. फरक एवढाच की आपली जकात माणूस वर्षाच्या शिल्लकीवर स्वतःहून काढतो आणि ही नाक्यावर गाडी उभी करून घेतली जायची. मुंबईची हद्द १९५० आणि १९५७ मध्ये वाढून मुलुंडपर्यंत आली, तेव्हा या रस्त्यावरचा नाका मुलुंडला आला. जकात माल शहरात शिरताना भरायची, विकला गेल्यावर नव्हे. मग शहाणा व्यापारी काय करणार? माल हद्दीबाहेर ठेवणार आणि गिऱ्हाईक पक्के झाले की तेवढाच आत आणणार. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ ही गावे ग्रामपंचायतीची, म्हणजे तिथे जकात नाही. जमीन स्वस्त आणि मुंबई हाकेच्या अंतरावर. ज्या शेतांत भात पिकत असे तिथे पत्र्याची गोदामे उभी राहिली, ती यामुळे. यंत्रमाग भिवंडीत १९३० च्या दशकापासून होतेच. जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापड आणखी तिकडे सरकले आणि ग्रे कापडाचे तागे या रस्त्याने उलट दिशेने येऊ लागले.

१ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. आला आणि मुंबईची जकात गेली. आमच्यापैकी अनेकांचा अंदाज होता की आता गोदामे रिकामी होतील. मीही त्यातलाच; त्या वर्षी काल्हेरचा गाळा मी सोडून दिला. अंदाज साफ चुकला. न्हावाशेवा बंदर, नाशिक रस्ता आणि घोडबंदरमार्गे गुजरात या तिन्ही दिशांना भिवंडी सोयीची आहे, आणि ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपन्यांना असेच ठिकाण हवे होते. तोच गाळा आज मला परवडणार नाही.

दुसरी चूक जुनी आहे. २६ जुलै २००५ रोजी दुपारी पाऊस दिसत असूनही ड्रायव्हरला मी कुर्ल्यावरूनच जायला सांगितले, कारण वाटेत एक पार्टी होती. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठीचे पाणी आग्रा रोडवर आले आणि टेम्पो रात्रभर तिथेच उभा राहिला. खालच्या थरातले तागे गेले. तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये भरतीची वेळ पाहिल्याशिवाय मी कुर्ल्याकडे माल पाठवीत नाही, आणि खाली लाकडी फळ्या घातल्याशिवाय गाडी भरू देत नाही.

अलीकडचे फेरबदल गाडी ठरविताना लक्षात घ्यावेत. शीवचा रेल्वेवरचा पूल, १९१२ चा, नव्याने बांधण्यासाठी १ ऑगस्ट २०२४ पासून वाहनांना बंद झाला आणि आग्रा रोडचे तोंडच आवळले गेले. उलट जून २०२५ मध्ये विक्रोळीचा पूल खुला झाला, त्यामुळे मधूनच महामार्ग गाठता येऊ लागला. घाटकोपर ते मुलुंड मेट्रो ४ चे आणि कशेळी-काल्हेर-अंजूर फाटा भागात मेट्रो ५ चे खांब याच रस्त्यात उभे राहिले. भाडे ठरविताना किलोमीटर नव्हे, तास विचारावेत. काल्हेर ते कुर्ला माल असेल तर ड्रायव्हरला माजिवड्याहून महामार्गाने येऊन विक्रोळीला पूल ओलांडायला सांगावे. अंतर थोडे वाढले तरी भांडुप-मुलुंडची कोंडी टळते.