जॅझची जमीन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लुई बँक्स हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेलं नसेल. त्यांचं काम मात्र जवळजवळ प्रत्येकाने ऐकलेलं आहे. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा दाखवलं गेलं. सुरुवातीला पंडित भीमसेन जोशींचा भैरवीतला आवाज, मग एकामागून एक भाषा, एकामागून एक माणसं. चाल बांधली आपल्या अशोक पत्कींनी आणि वाद्यमेळाची रचना केली लुई बँक्स आणि पी. वैद्यनाथन यांनी. हे श्रेय निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळं छापलेलं दिसतं, आणि त्यातच या माणसाच्या धंद्याची अर्धी कहाणी आली. चाल कुणाची हे लोक विचारतात, गाणारा कोण हे तर विचारतातच. चालीखाली जमीन कुणी घातली, हे सहसा कुणी विचारत नाही.

जमीन हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो गझलेचा शब्द आहे. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून गझलेची जमीन होते. तरही मुशायऱ्यात एक मिसरा दिला जातो आणि पंधरा शायर त्याच जमिनीवर आपापली गझल लिहून आणतात. जमीन एक, पिकं पंधरा. जॅझ म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं की मी त्याला तरही मुशायरा समजावून सांगतो. फरक एवढाच की जॅझवाला घरून लिहून आणत नाही. तो तिथेच, सगळ्यांसमोर, ताल चालू असताना रचतो.

थोडं खोलात जाऊ. घरात पेटी असेल तर सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबून पाहा. पाश्चात्त्य संगीतात याला कॉर्ड म्हणतात. आता तोच सा कायम ठेवून त्याच्याबरोबर म आणि ध दाबा. मग ध आणि ग घेऊन पाहा. सा तोच आहे, एका श्रुतीनेही हललेला नाही, पण पहिल्या वेळी तो घरी बसल्यासारखा वाटतो, दुसऱ्या वेळी दारात उभा राहिल्यासारखा आणि तिसऱ्या वेळी थोडा उदास. गझलेत रदीफ हेच करते. प्रत्येक शेरात शेवटी तेच शब्द येतात, पण आधीच्या ओळीने त्यांचा अर्थ पालटलेला असतो.

जॅझची जमीन म्हणजे अशा कॉर्ड्सची ठरलेली रांग. ब्लूज या प्रकारात ती साधारणपणे १२ घरांची असते आणि एकेका घरात चार मात्रा. म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन झालं. इतर पुष्कळ गाण्यांत घरं ३२ असतात. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग सॅक्सोफोनवाला त्या रांगेवर आपली बढत करतो, त्याच्यामागून पियानो, त्यामागून आणखी कुणी, आणि शेवटी पुन्हा मूळ चाल. ज्याला ही रांग ठाऊक नाही त्याला सगळा गोंधळच वाटतो. आमच्या बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत मी एकदा कॅसेट लावली तेव्हा शेजारच्या काकांनी खिडकीतून विचारलंच, 'हे काय वाजवून राह्यले बाप्पा?' प्रश्न रास्त होता. ठेका कळेपर्यंत कव्वालीसुद्धा गोंगाटच वाटते.

या सगळ्यात पियानोवाल्याची जागा मोठी चमत्कारिक. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागून जातो. जॅझचा पियानोवाला दुसरा वाजवत असताना त्याच्या अर्धं पाऊल पुढे असतो. कोणती कॉर्ड उघडी ठेवायची, कोणती गच्च भरायची, कुठे हात उचलून घ्यायचा, यावर पुढच्याचं बोलणं ठरतं. आणि आपली पाळी आली की त्याच माणसाने उजव्या हाताने शायर व्हायचं, डाव्या हाताने जमीन सांभाळायची.

लुई बँक्स यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९४१ रोजी दार्जिलिंगमध्ये, एका नेपाळी कुटुंबात झाला. जन्मनाव डंबर बहादुर बुडाप्रीती. आजोबा बखत बहादुर यांनी नेपाळच्या जुन्या राष्ट्रगीताची धून बांधली होती. वडील पुष्कर बहादुर ट्रम्पेट वाजवायचे. कलकत्त्याच्या युरोपियन धाटणीच्या बँडमध्ये काम करायचं म्हणून त्यांनी जॉर्ज बँक्स हे नाव घेतलं. पुढे मुलाचं नावही बदललं, ते न्यू ऑर्लीन्सच्या लुई आर्मस्ट्राँगवरून. राष्ट्रगीत रचणाऱ्याचा नातू आणि नाव एका अमेरिकन काळ्या ट्रम्पेटवाल्याचं! पोटासाठी नाव बदलणं आपल्याकडे नवीन नाही, सिनेमात तर रिवाजच होता. पण इथे नावाबरोबर संगीतही घरात आलं आणि ते राहिलं.

तेराव्या वर्षी हा मुलगा गिटार आणि ट्रम्पेट शिकत वडिलांच्या बँडमध्ये बसू लागला. पियानोही वडिलांकडूनच आला. कॉलेजनंतर बाप-लेकांनी काठमांडूच्या हॉटेलात काम केलं. ऑस्कर पीटरसन आणि बिल इव्हान्स यांच्या वादनाने त्यांना झपाटलं. १९७०च्या सुमारास ते कलकत्त्याला आले आणि पार्क स्ट्रीटवरच्या ब्ल्यू फॉक्स रेस्टॉरंटमध्ये वाजवू लागले. गायला पॅम क्रेन, गिटारवर कार्लटन किटो, सॅक्सोफोनवर गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस. जेवायला आलेल्या लोकांसमोर, काट्या-चमच्यांच्या आवाजात या मंडळींनी जे वाजवलं, ते देशातलं त्या काळचं उत्तम जॅझ होतं, असं जाणकार सांगतात. तिथेच राहुल देव बर्मन यांनी लुईंना ऐकलं आणि 'मुक्ती' (१९७७) या चित्रपटासाठी पियानो वाजवायला बोलावलं. सत्तरचं दशक संपता संपता त्यांनी कलकत्ता सोडलं आणि मुंबई गाठली. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग आमच्या बडनेरा स्टेशनातूनच जातो. हावड्याच्या गाडीकडे पाहताना मला उगाचच पार्क स्ट्रीट आठवतो, तो मी कधीही पाहिलेला नाही.

मुंबईत त्यांना रिकामी जागा मिळाली नव्हती. तिथे जॅझची वस्ती जुनी होती. १९३५ साली लिऑन ॲबी हा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला, पुढे कलकत्त्यात स्थिरावला आणि तिथेच १९४५ साली कॉलऱ्याने गेला. या लोकांकडून गोव्याच्या मुलांनी विद्या उचलली. आल्डोनाचे अंतोनियो शाविएर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने भारताचे आर्मस्ट्राँग म्हणून गाजले. दारूबंदी आली, हॉटेलांतली कामं आटली आणि ही मंडळी सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळली. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद आहे. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यमेळ चढवला. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला ठाऊक झालं ते 'अमर अकबर अँथनी'मुळे. शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती मानवंदना होती. पण किती जणांना ते खऱ्या माणसाचं नाव वाटलं? पडद्यावर अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ तेवढा लक्षात राहिला.

लुई बँक्स याच परंपरेतले, पण एका बाबतीत निराळे. त्यांनी दोन दुकानं चालवली आणि दोन्हींचा हिशोब वेगळा ठेवला. दिवसा जाहिरातींच्या जिंगल्स, कारण जॅझवर चूल पेटत नाही. रात्री जॅझ. यात कुणाला तडजोड दिसेल, मला दिसत नाही. माझ्या ओळखीचे बरेचसे कवी दिवसा शाळेत फळा पुसतात.

त्यांच्यापुढचा खरा पेच मात्र संगीतातला होता. पियानोवर राग वाजवायचा कसा? पियानोच्या पट्ट्या ठाम असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय नाही, म्हणजे मींड गेली. दुसरी अडचण त्याहून मोठी. रागात तानपुऱ्याचा सा हलत नाही, त्याच्यामुळेच बाकीच्या स्वरांना अर्थ असतो. खाली कॉर्ड्स सरकवल्या की सा-चाच अर्थ पालटतो, हे आपण पेटीवर पाहिलंच. म्हणजे जॅझचा जो प्राण, तोच रागाचा घात.

वाट जॅझच्या अंगणातूनच निघाली. १९५९ साली माइल्स डेव्हिसने 'काइंड ऑफ ब्ल्यू' ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात बऱ्याच ठिकाणी कॉर्ड्सची धावपळ थांबवून एकेका स्वरसप्तकावर निवांत बसणं आहे. पियानोवर होते बिल इव्हान्स, लुईंचे आवडते. हे आपल्या रागविस्ताराच्या बरंच जवळ येतं. १९६६ साली लंडनमध्ये कलकत्त्याच्या जॉन मेयर यांनी जो हॅरियटबरोबर इंडो-जॅझचे प्रयोग केले, सत्तरच्या दशकात जॉन मॅकलॉफ्लिन यांची 'शक्ती' आली. लुई बँक्स यांनी मुंबईत आल्यावर ब्राझ गोन्साल्विस आणि कर्नाटक संगीतातल्या गायिका रामामणी यांना बरोबर घेऊन हेच काम हाती घेतलं. पुढे 'सिल्क' या त्यांच्या गटात कार्ल पीटर्स, शिवमणी आणि शंकर महादेवन होते. श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला गळा आणि दार्जिलिंगचा पियानो एका मंचावर!

या मिश्रणांपैकी सगळी मला पटतात असं नाही. पुष्कळदा गायक एकीकडे आणि बँड दुसरीकडे जातो, आणि शेवटी दोघं तिहाईवर गाठ पडल्याचा आनंद साजरा करतात. पण लुई बँक्स हात आखडता घेतात तेव्हा ऐकावं. डावा हात दोनच स्वर ठेवतो, मधला काढून घेतो आणि रागाला श्वास घ्यायला जागा होते.

२००८ साली दोन ध्वनिमुद्रिका आल्या. एक मॅकलॉफ्लिन यांची 'फ्लोटिंग पॉइंट', चेन्नईत मुद्रित झालेली. दुसरी 'माइल्स फ्रॉम इंडिया', माइल्स डेव्हिसचे जुने साथीदार आणि भारतीय वादक यांनी एकत्र वाजवलेलं माइल्सचं संगीत. दोन्हींत लुई बँक्स आहेत आणि दोन्हींना ग्रॅमीचं नामांकन मिळालं, तेही एकाच विभागात. पुरस्कार तिसऱ्याच कुणाला गेला. ऐंशीच्या उंबरठ्यावरही ते मंचावर वाजवत होते, ड्रम्सवर मुलगा जिनो.

जॅझ आपलं नव्हे, असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. मी त्यांना सुरेश भटांची आठवण देतो. अमरावतीत जन्मलेल्या या माणसाने फारसी-उर्दूतून आलेली गझल तिच्या कायद्यांसकट मराठीत रुजवली आणि नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून दिली. आज वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्यात मराठी गझल लिहिणारा सापडतो आणि ती परकी आहे असं कुणी म्हणत नाही. माझं नाव ऐकून 'तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?' असं विचारणारे अजून भेटतात, ही गोष्ट वेगळी. जॉर्ज बँक्स यांच्या मुलालाही दार्जिलिंगपासून मुंबईपर्यंत असेच प्रश्न आले असणार.

ऐकायचं असेल तर 'मिले सुर' पासूनच सुरुवात करावी, मोबाइलवर सहज मिळतं. शब्द पाठ आहेत, त्यामुळे एकदा शब्दांकडे दुर्लक्ष करून फक्त खालचे स्वर ऐका. भाषा बदलते तिथे जोड कसा दिलाय ते पाहा. मग 'फ्लोटिंग पॉइंट' लावा, आणि पहिल्या खेपेला काही कळलं नाही तर बोटांवर मात्रा मोजत पुन्हा लावा. घर कुठे बदलतं ते आधी कानाला कळेल, नंतर डोक्याला.