टायटॅनियमची सायकल : गुण, मर्यादा आणि निगा

रसशास्त्राच्या ग्रंथांत सुवर्ण, रजत, ताम्र, लोह, नाग, वंग आणि यशद यांचा विचार विस्ताराने आला आहे. टायटॅनियमला त्यांत स्थान नाही, कारण शुद्ध धातुरूपात तो मानवाच्या हाती येऊन शंभरसव्वाशे वर्षेच झाली आहेत. तरीही आपल्या रुग्णांपैकी कित्येकांच्या जबड्यात वा खुब्याच्या सांध्यात तो आज सुखाने नांदत असतो. आमच्यासारख्या काही सायकलप्रेमींच्या घरी तो निराळ्या रूपाने येतो, तो रस्त्यावरील वेगवान सायकलीच्या फ्रेमच्या रूपाने.

वैद्यकीय व्यवसायातील मंडळींमध्ये गेल्या काही वर्षांत सायकलिंगची आवड वाढली आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही खडतर स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हापासून तर अनेकांनी दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ फेऱ्यांचा ध्यास घेतला. अशा स्नेह्यांकडून आम्हांस वारंवार विचारणा होते : एवढे द्रव्य वेचून टायटॅनियमची सायकल घ्यावी काय? अशी सायकल आम्ही अकरा वर्षे वापरत आहोत, आणि तिसऱ्या वर्षी आमच्याच हलगर्जीपणाने ती गमावण्याच्या बेतात होतो. त्या अनुभवाच्या आधारे या धातूचे गुणदोष वाचकांपुढे ठेवीत आहोत.

धातूचा पूर्वेतिहास

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाने १७९१ मध्ये काळ्या वाळूचे पृथक्करण करताना या मूलद्रव्याचे अस्तित्व ओळखले. जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोट याने १७९५ मध्ये ग्रीक पुराणातील टायटन या महाकाय पुरुषांवरून त्याला आजचे नाव दिले. तशीच काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आणि केरळातील चवरा येथे आहे. इल्मेनाइट नावाचे खनिज तिच्यात असते.

येथे एक शंका उपस्थित होते. भूकवचात हे मूलद्रव्य विपुल आहे, मग धातू इतका महाग का? लोखंडाच्या खनिजातील ऑक्सिजन कोळशाने काढून घेता येतो. टायटॅनियमला तो उपाय लागू पडत नाही, कारण कोळशाशी त्याचे ठिसूळ संयुग बनते. म्हणून त्याचे प्रथम क्लोरीनच्या योगाने द्रवरूप क्लोराइड करतात. मग अरगॉन वायूच्या आवरणात मॅग्नेशियमशी त्याची अभिक्रिया घडवून सच्छिद्र, स्पंजासारखा धातू मिळवतात आणि तो निर्वात भट्टीत वितळवतात. विल्यम क्रोल याने १९४० च्या सुमारास सिद्ध केलेली हीच पद्धत आजही प्रचलित आहे. चवरा येथे २०११ मध्ये सुरू झालेला कारखानाही याच मार्गाने, मुख्यतः अवकाशयानांच्या गरजेसाठी, असा स्पंज तयार करतो.

सायकलीत प्रवेश

१९७० च्या दशकात इंग्लंड व अमेरिकेत टायटॅनियमच्या पहिल्या फ्रेम विक्रीस आल्या. १९७३ च्या ‘टूर द फ्रान्स’चा विजेता लुइस ओकान्या याने काही डोंगरी टप्प्यांत अशी सायकल वापरली होती. मात्र त्या फ्रेम फार लवचीक होत्या, आणि काही तडकतही असत. दोषाचे मूळ धातूत कमी आणि योजनेत अधिक होते. टायटॅनियमची घनता दर घन सेंटिमीटरला ४.५ ग्रॅम, तर पोलादाची सुमारे ७.८ ग्रॅम. परंतु त्याचा ताठरपणाही पोलादाच्या निम्म्याच्याच आसपास आहे. पोलादी नळीच्याच मापाची नळी घेतली तर वजन घटते खरे, पण पेडलवर जोर देताच फ्रेम वाकते. नळीचा व्यास वाढविणे हा यावरील उपाय होय, कारण व्यास वाढला की ताठरपणा त्याहून कितीतरी पटींनी वाढतो.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मर्लिन, लाइटस्पीड इत्यादी कारागिरांनी हे गणित जमविले. विमानांतील द्रवदाबाच्या नळ्यांसाठी तयार झालेला, ३ टक्के ॲल्युमिनियम व २.५ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू त्यांना हाताशी होता. आजही बहुतेक उत्तम फ्रेम याच मिश्रधातूच्या असतात. पुढे कोलोरॅडोतील मूट्स आणि १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेली सेव्हन सायकल्स यांनीही या क्षेत्रात कीर्ती मिळविली. अंगाचे माप घेऊन शिंप्याने कपडे बेतावे, तशी स्वाराच्या मापाने फ्रेम बेतण्याची प्रथा अशा कार्यशाळांत रुजली.

जोडकामाची परीक्षा

तापलेले टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ होते. म्हणून सांधा जोडताना बाहेरून तर अरगॉन सोडावा लागतोच, शिवाय नळीच्या पोटातही तोच वायू भरावा लागतो. काम निर्दोष असेल तर सांधा चांदीसारखा चमकतो. फिकट पिवळी छटा किंचित संसर्ग दर्शविते, निळा रंग अधिक संसर्ग, आणि करडी वा पांढरी भुकटी म्हणजे सांधा टाकाऊ. पण घासून चकचकीत केलेल्या फ्रेमवर ही लक्षणे पुसली जाऊ शकतात. यास्तव निव्वळ चकाकीवर विसंबू नये.

काय मिळते, काय मिळत नाही

पहिला गुण गंज न लागणे. धातूच्या पृष्ठावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर आपोआप बनतो, आणि ओरखडा पडला तरी तो तत्काळ पुन्हा जमतो. शरीरात हा धातू टिकतो तोही याच थरामुळे. त्यामुळे फ्रेमला रंग द्यावा लागत नाही. दुसरा गुण दीर्घायुष्य. ॲल्युमिनियमवर पडणारा प्रत्येक लहानमोठा ताण अखेर जमेस धरला जातो, तर पोलाद व टायटॅनियम एका मर्यादेखालील ताण असंख्य वेळा निमूटपणे सोसतात. योजना व जोडकाम चांगले असल्यास फ्रेम मालकाची उमेदीची सगळी वर्षे साथ देऊ शकते.

तथापि, ही सर्वांत हलकी सायकल नव्हे. टायटॅनियमची फ्रेम साधारण सव्वा ते दीड किलोची असते, तर कार्बनची उत्तम फ्रेम एक किलोच्या आत बसते. ‘टायटॅनियम खड्डे गिळते’ ही ख्यातीही बरीचशी अतिशयोक्त आहे. दोन त्रिकोणांची फ्रेम उभ्या दिशेने फारच थोडी वाकते. धक्का शोषण्याचे मुख्य काम टायर, आणि त्याखालोखाल सीटची दांडी करते. आम्ही २३ मिलिमीटरचे टायर काढून २८ मिलिमीटरचे घातले व हवा कमी केली, तेव्हा जे सुख लाभले ते फ्रेमने एकटीने कधीच दिले नव्हते. ज्यांची सायकल सांप्रत अंग दुखविते, त्यांनी आधी टायर व बैठकीचे माप तपासावे. या तपासणीस चार पैसे लागतात, फ्रेमला मात्र काही लाख रुपये.

आमची चूक

‘गंजत नाही’ या शब्दांवर आम्ही नको तितका विश्वास ठेवला. फ्रेम टायटॅनियमची होती, पण तिच्यात बसविलेली सीटची दांडी ॲल्युमिनियमची. दोन पावसाळे आणि कोकण किनाऱ्यावरील एक दीर्घ प्रवास झाला, त्यात उन्हाळ्यातील घामाची भर पडली, आणि या सर्व काळात आम्ही ती दांडी एकदाही बाहेर काढली नाही. तिसऱ्या वर्षी सीट पाच मिलिमीटर उंच करावी म्हणून स्क्रू सैल केला, तो दांडी जागची हलेना.

कारण सोपे होते. दोन भिन्न धातू एकमेकांना लागून असले व मध्ये खारट पाणी आले की विद्युत्‌घट तयार होतो. त्यात टायटॅनियम अबाधित राहते आणि ॲल्युमिनियम झिजते. झिजेतून निर्माण होणारा पांढरा क्षय मूळ धातूहून अधिक जागा व्यापतो व दांडी पाचरीसारखी घट्ट करतो. नळीची भिंत जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, जोराने पिळले तर फ्रेमच मुरगळेल अशी भीती.

औषधालय चालविणाऱ्या एका स्नेह्यांना आम्ही ही व्यथा सांगितली. ते हसून म्हणाले, “वैद्यराज, आसवाची बाटली वर्षभर उघडली नाही तर बूच चिकटते, हे मी तुम्हांला सांगायचे काय?” तीव्र क्षाराने ॲल्युमिनियम विरघळते, हा उपायही त्यांनीच सुचविला. तो शास्त्रदृष्ट्या खरा आहे, परंतु त्यात उष्णता व ज्वालाग्राही हायड्रोजन निर्माण होतो आणि क्षार डोळ्यांत उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. आम्ही ते धाडस केले नाही. एका वयस्क कारागिराने दांडी वरून कापली, करवतीचे पाते आत घालून तिला दोन उभे छेद दिले आणि दोन दिवसांनी तिचे तुकडे चिमट्याने ओढून काढले. नळीच्या आत एक ओरखडा राहिला, फ्रेम वाचली. पाते आणखी थोडे खोल गेले असते तर हा लेख निराळ्या शीर्षकाने लिहावा लागला असता.

निगेचे नियम

१. ॲल्युमिनियमची सीटची दांडी दर तीन-चार महिन्यांनी, आणि पावसाळ्यानंतर अवश्य, बाहेर काढावी. दांडी व नळीचे तोंड पुसून, धातू चिकटू न देणारे ग्रीस लावून ती पुन्हा बसवावी. दांडी कार्बनची असल्यास ग्रीसऐवजी कार्बनसाठी मिळणारा खरखरीत लेप वापरावा.

२. टायटॅनियमचे आटे एकमेकांत रुतून बसतात. प्रत्येक स्क्रूला ग्रीस लावावे व तो मोजमापाच्या पान्यानेच, भागावर छापलेल्या मर्यादेपर्यंत आवळावा.

३. फ्रेम धुताना पुढची नळी, पेडलची बैठक व मागच्या चाकाकडील सांधे उजेडात निरखावेत. केसासारखी रेघ दिसली व ती पुसली गेली नाही, तर सायकल चालविणे तत्काळ थांबवावे.

४. पुढचा फोर्क बहुधा कार्बनचा असतो. फ्रेमचे दीर्घायुष्य त्याला लाभलेले नाही. पडझड झाल्यावर तो जाणकाराकडून तपासून घ्यावा, शंका असल्यास बदलावा.

५. जुनी फ्रेम विकत घेताना सीटची दांडी आपल्यासमोर वरखाली करून दाखविण्यास सांगावे. ती हलली नाही तर सौदा सोडून द्यावा.

समारोप

ज्यांना केवळ वेग वा कमीत कमी वजन हवे, त्यांनी कार्बनकडे वळावे. ज्यांना व्यायामापुरती सायकल हवी, त्यांना साधी पोलादी वा ॲल्युमिनियमची सायकल पुरेशी आहे. ज्यांचे माप निश्चित झाले आहे, वर्षाकाठी काही हजार किलोमीटर ज्यांचे होतात आणि एकच सायकल जन्मभर सांभाळण्याची ज्यांची वृत्ती आहे, त्यांनी टायटॅनियमचा जरूर विचार करावा. आमच्या फ्रेमवर आज अकरा वर्षांचे ओरखडे आहेत, गंजाचा ठिपका एकही नाही. सीटची दांडी मात्र आम्ही आता दिनदर्शिकेवर खूण करून काढतो. इत्यलम्.