शंभरातले तेवीस
समजा, आज मटक्यात ४७ ची जोडी आली. ०० ते ९९ अशा शंभर जोड्यांपैकी एक लागली, नव्व्याण्णव गेल्या. पण त्या नव्व्याण्णव जोड्या लावणाऱ्यांना आपण सारखेच हरलो असं वाटत नाही आणि जुगाराचं व्यसन समजून घ्यायचं तर आधी इथेच थांबायला हवं.

टपरीवर जोडीचा चार्ट पुढ्यात घेऊन लाल पेनाने गोल करणाऱ्यांचं बोलणं ऐका. ज्याने ४२ लावली होती तो म्हणतो, ओपन (पहिला आकडा) बरोबर आला, क्लोजने (दुसऱ्याने) मारलं. ज्याची ७४ होती, त्याची पलटी झाली. ९२ वाला तर सगळ्यात जास्त हळहळतो, कारण त्याचे दोन्ही आकडे कट होते. मटक्यात प्रत्येक आकड्याला पाचाच्या फरकाचा जोडीदार असतो, १ ला ६, २ ला ७, ४ ला ९. त्याला कट म्हणतात.

मी हे मोजून पाहिलं. ओपन ४ असलेल्या इतर जोड्या ९. क्लोज ७ असलेल्या ९. पलटी आणि कट यांच्या फॅमिलीतल्या, वर न आलेल्या, आणखी ५: ७४, ९२, २४, ७९, २९. एकूण २३! (४४ सारखी दुहेरी जोडी किंवा ४९ सारखी एकमेकांचे कट असलेली जोडी आली, तर १९.) म्हणजे लागण्याची शक्यता शंभरात एक आणि ‘थोडक्यात हुकलं’ म्हणण्याची साधारण बावीस-तेवीस. रोज एक जोडी लावणाऱ्याला दहा दिवसांत एकदा तरी लागण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आत, पण एकदा तरी हुकल्याची चुटपुट लागण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर.

या चुटपुटीचं मेंदूत काय होतं, ते केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं. स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसांना त्यांनी स्लॉट मशीनसारखा खेळ खेळायला दिला. थोडक्यात हुकलं की माणसाला साफ हरण्यापेक्षाही वाईट वाटत होतं, तरीही पुन्हा खेळायची ओढ वाढत होती. जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही हुकल्यावरही जागे होत होते. आणि ही ओढ वाढायची ती माणसाने निवड स्वतः केली असेल तेव्हाच. मटक्यात तर आकडा नेहमी आपणच काढतो: चार्टवरून, स्वप्नावरून, समोरून गेलेल्या गाडीच्या नंबरवरून.

म्हणून अशा माणसाला लोभी म्हणून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी जागा दिली. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’च्या आयोगाने २०२४ मध्ये अंदाज मांडला की जगातल्या सुमारे ८ कोटी प्रौढांचा जुगार हाताबाहेर गेला आहे. पैशाचं गणितही त्यांच्या बाजूचं नसतं. जोडीला रुपयाला नव्वद हा रिवाजातला भाव धरला, तर शंभर रुपये बावीस वेळा फिरवल्यावर सरासरीने दहासुद्धा उरत नाहीत.

तरी मटका संथ होता. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवरचा सट्टा मागे पडला आणि साठच्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत, रतन खत्री यांनी आकडे काढायला सुरुवात केली, तेव्हापासून एका बाजारात दिवसाला एक ओपन, एक क्लोज. हरलेल्याला रात्रभर झोपायला, बायकोशी भांडायला, शुद्धीवर यायला वेळ मिळायचा. फोनवरच्या स्लॉटमध्ये हा वेळच काढून घेतलेला आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये वेगाला लगाम घातला: ऑनलाइन स्लॉटचा एक खेळ निदान अडीच सेकंद चालला पाहिजे. लगाम घातल्यावरही तासाला १,४४० खेळ होतात. मटक्याच्या एका बाजारात रोज खेळ झाला, तरी तेवढ्या जोड्या निघायला चार वर्षं लागतील.