जहाजाची सहल: जाहिरातीचा आकडा आणि खरा खर्च

देवदर्शनाच्या सहली आपण पुष्कळ केल्या. आता गटाच्या बैठकीत मुंबई-गोवा क्रूझचा विषय निघतोय. जरूर जाऊ, पण आधी वहीत हिशेब मांडू.

जाहिरातीतला दर बहुधा माणशी असतो, तोही एका खोलीत दोघी धरून. त्यावर बंदराचे शुल्क आणि जीएसटी चढतो. समजा, दर १५,००० आणि वरचे ४,००० रुपये. म्हणजे दोघींचे ३०,००० नव्हे, ३८,००० झाले. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा, "सगळं धरून एकूण किती?"

बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त. दिवसा आपण वर डेकवरच असणार, खोली झोपण्यापुरती. एका खोलीत तिसरी-चौथी असली तर तिचा दर सहसा कमी लागतो. दिवाळी-नाताळ टाळला तर आणखी पैसे वाचतात. जेवण बहुतेक भाड्यातच येते. शीतपेये, इंटरनेट आणि गोव्यात उतरून फिरणे वेगळे.

पैसे भरण्याआधी रद्द करण्याचे नियम लेखी मागा. तारीख जवळ येईल तशी कपात वाढते. रोख देऊ नका, पक्की पावती घ्या. नावे ओळखपत्राप्रमाणेच लिहा. कोणी गरोदर असेल तर आधीच विचारा.

आणि गटाच्या कर्जनिधीला हात लावायचा नाही. एखादीच्या बियाण्याचे, दवाखान्याचे पैसे त्यात असतात. सहलीची वर्गणी वेगळी ठेवू: महिना १,००० टाकले, तर १९ महिन्यांत १९,००० जमतील आणि डोक्यावर कर्ज नसेल.