जलविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जलविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे धरणे आणि कालवे बांधण्याचे वरच्या पायरीचे शिक्षण, असे सर्रास मानले जाते. बांधकाम हा मात्र या विषयाचा गाभा नाही. पडलेल्या पावसापैकी किती पाणी ओढ्यानाल्यांनी वाहून गेले, किती मुरले, किती वाफ होऊन परत गेले, आणि या प्रत्येक आकड्यावर कितपत विसंबता येईल, हे येथे शिकवले जाते. धरणाचा सांडवा स्थापत्य अभियंता आखतो; त्यावरून जास्तीत जास्त किती पाणी येईल हे जलविज्ञान सांगते. त्यामुळे या वर्गांत स्थापत्य आणि कृषी अभियांत्रिकीच्या पदवीधरांशेजारी भूविज्ञानासारख्या विज्ञानशाखांतून आलेले विद्यार्थीही बसतात.

जलविज्ञान आणि जलसंपदा व्यवस्थापन हे एकच, हाही समज चुकीचा. पहिले पाण्याचा हिशेब मांडते. दुसरे ते पाणी शेती, शहर आणि उद्योग यांत कसे वाटायचे हे पाहते, आणि तेथे कायदा व अर्थशास्त्रही अभ्यासावे लागते. रुरकीच्या अभियांत्रिकी विद्यापीठात (आजच्या आयआयटीत) हे दोन विषय वेगवेगळ्या वेळी रुजले. जलसंपदा विकासाचे प्रशिक्षण केंद्र १९५५ साली निघाले, तर जलविज्ञानाचा स्वतंत्र अभ्यासक्रम युनेस्कोच्या सहकार्याने १९७२ साली.

सर्वांत चिवट गैरसमज 'शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या' पुराबद्दल आहे. असा पूर एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असे लोक धरून चालतात. कधी कधी नियोजन करणारेही. या संज्ञेचा अर्थ एवढाच, की तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता प्रत्येक वर्षी १ टक्का असते. मागच्या वर्षी तो आला म्हणून ती कमी होत नाही. ३० वर्षे टिकणाऱ्या बांधकामाला असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. कोल्हापूर-सांगली भागाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर अवघ्या सोळा वर्षांत पाहिले. शिवाय हा १ टक्का जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. नदीकाठी बांधकामे वाढली किंवा पावसाची तऱ्हा बदलली, की तो आकडाच नव्याने काढावा लागतो.

नदीचा विसर्ग रोज थेट मोजला जातो, असेही वाटते. बहुतेक ठिकाणी रोज मोजली जाते ती पातळी. वर्षभरात निरनिराळ्या पातळ्यांना प्रवाहाचा वेग मोजून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार करतात आणि पातळीवरून विसर्ग वाचतात. ऐन महापुरात पात्रात उतरणे जवळपास अशक्य असल्याने आलेखाचा वरचा भाग अंदाजाने पुढे ओढलेला असतो. म्हणजे सर्वाधिक गाजणारे आकडे बहुधा सर्वांत कमी खात्रीचे. संगणकी प्रारूप कितीही चांगले असले, तरी ते अशाच नोंदींवर उभे राहते. चिखलात उभे राहून केलेली मोजणी म्हणूनच अभ्यासक्रमातून वगळता येत नाही.

भूजलाबाबत पाणाड्याची विद्या आणि पाताळातून वाहणाऱ्या नद्या या कल्पना अजून टिकून आहेत. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्टचा. त्यात पाणी साठते ते झिजलेल्या थरांत, सांध्यांत आणि भेगांत. म्हणूनच एका विहिरीला पाणी आणि बांधापलीकडची कोरडी, असे घडते. झिजलेल्या खडकात पावसाळ्यानंतर उथळ पाणी बऱ्याच जागी लागते, त्यामुळे पाणाड्याचा अंदाज अनेकदा खरा ठरल्यासारखा दिसतो. ते पाणी मे महिन्यापर्यंत पुरेल का, हा खरा प्रश्न. त्यासाठी खडकाची विद्युत रोधकता तपासतात आणि विहिरीचा उपसा करून पातळी किती वेळात सावरते ते पाहतात.

ही पदवी मिळाली की सरकारी नोकरी ठरलेली, असे समजून प्रवेश घेणारेही आहेत. केंद्रीय जल आयोगात थेट अधिकारी म्हणून शिरण्याची वाट अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून जाते आणि तिला अभियांत्रिकीची पदवी लागते. केंद्रीय भूजल मंडळातील शास्त्रज्ञपदांसाठी संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा असते; तेथे भूविज्ञान किंवा भूजलविज्ञान अशा विषयांतील पदव्युत्तर पदवी मागतात. नुसत्या जलविज्ञानातील एमटेकच्या बळावर विद्यार्थ्याला त्यामुळे ही दारे उघडतीलच असे नाही. त्याला संशोधन, सल्लागार संस्था किंवा पाणलोट विकासाची कामे खुली असतात.