‘ठेव’ की ‘आहे का?’

‘भाव पाच हजार ठेव’ आणि ‘भाव पाच हजार आहे का?’ या दोन वाक्यांची गल्लत आमच्या वरूडच्या संत्राबाजारात कोणी करणार नाही. पहिली आज्ञा, दुसरा प्रश्न. संगणकाच्या ‘सी’ भाषेत मात्र दोहोंत एका चिन्हाचेच अंतर आहे : ‘=’ म्हणजे ‘ठेव’, ‘==’ म्हणजे ‘आहे का?’. हे अंतर इतके अरुंद का झाले, ते शोधताना मी गणिताच्या इतिहासात शिरलो.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त बरोबरचे चिन्ह नाही. समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडायचे. समता मांडणीतूनच कळे. ‘=’ हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली आणले. दोन समांतर, सारख्या रेघांहून अधिक समान काय असणार, हा त्यांचा युक्तिवाद. गणितात हे चिन्ह विधान करते. हुकूम सोडत नाही.

१९५७च्या फोर्ट्रान भाषेने तेच चिन्ह हुकुमासाठी घेतले. ‘क = क + १’ हे गणितात अशक्य; इथे रोजचे. अर्थ इतकाच की, ‘क’मध्ये एक मिळवून बेरीज पुन्हा ‘क’मध्ये ठेव. अल्गोलने हुकुमासाठी ‘:=’ असे वेगळे चिन्ह योजले. पण ‘सी’ची पूर्वज असलेल्या ‘बी’ भाषेत केन थॉम्पसन यांनी हुकुमाला ‘=’ आणि प्रश्नाला ‘==’ दिले. ठेवण्याचे काम तपासण्यापेक्षा अधिक वेळा येते, म्हणून छोटे चिन्ह त्याला, असे त्याचे समर्थन केले जाते.

शिवाय ‘सी’त प्रश्नाच्या जागी हुकूम लिहिला तरी चालतो. चूक बोलत नाही, हीच खरी मेख. नोव्हेंबर २००३मध्ये लिनक्सच्या संहितेच्या एका प्रतीत कोणीतरी गुपचूप दोन ओळी घातल्या. वरवर पाहता त्या विचारत होत्या, ‘वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का?’ शून्य हा सर्वाधिकार असलेल्याचा क्रमांक. पण तिथे एकच ‘=’ होते; म्हणजे ती ओळ त्याला शून्य क्रमांक बहालच करीत होती. मूळ प्रतीशी ताळा जुळला नाही, म्हणून डाव उघडा पडला.

पायथॉनने अटीत ‘=’ लिहायला मनाई केली; ‘सी’चे अनुवादकही आता सावध करतात. तरी पहिला उपाय वाचनात आहे. पाटीवर ‘=’ ला आपण ‘बरोबर’ म्हणतो. संगणक शिकणाऱ्या मुलाने ते ‘ठेव’ असे वाचावे आणि ‘==’ ला ‘आहे का?’ म्हणावे. आज्ञा आणि प्रश्न यांतला भेद मराठीत त्याला आधीच येतो. तो फक्त चिन्हांना लावायचा आहे.