तिथीचे घड्याळ
आमचे देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांमधील वाळूची चिंचोळी पट्टी. खाडीत उतरण्यापूर्वी आजी विचारी, "झिला, आज तीथ खंयची?" कोणत्याही पक्षातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. त्याआधी सुमारे सहा तास ओहोटी. (पाऊणकी तिनेच पाठ करून घेतलेली!) चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागून, हिशेबाचे इंगित एवढेच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग.

दहाव्या वर्षी मी द्वितीयेला तृतीया समजलो. तिसरे वेचता वेचता पाणी कमरेला लागले. होडीवाल्या काकांनी ओढून काढले. आजी रागावली नाही. पंचांग पुढ्यात टाकून म्हणाली, "वाच."